अर्थ लागत नव्हता

सव्वीस वर्षं मी अणुवीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होतो,
ट्राउसव्हनिदच्या तळ्याकाठी.
अर्ध्या उत्तर वेल्सच्या किटल्या माझ्या हाताखालून उकळल्या.
हे आधीच सांगून ठेवतो,
नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

गाडी मॉरिस मायनर, सत्तावन्नची, हिरवी.
म्हणजे या हिवाळ्यात मीच केलेली हिरवी.
बॅटरी उचलून तिच्या खालचा पत्रा खरवडला,
गंज निघेपर्यंत, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात,
आणि मधल्या थंडगार रात्री
स्वयंपाकघरातला हीटर नेऊन ठेवला तिच्यापाशी.
ग्वेनलियन म्हणाली,
माझ्या पावलांशी कधी ठेवला नाहीस.

मार्चमधली पहिली कोरडी सकाळ.
किल्ली फिरवली, स्टार्टरचा खटका ओढला.
काही नाही.
साधा खोकलासुद्धा नाही.
हॉर्न मुका, दिवे आंधळे,
वायपर काचेवर मेलेल्या चिमणीच्या पंखासारखा.

मग काढला माझा टेस्ट लॅम्प.
स्क्रूड्रायव्हरच्या पारदर्शक मुठीतला इवला बल्ब,
पहिल्या पगारातला, कधीही खोटं न बोललेला.
चिमटा गाडीच्या अंगाला, टोक फ्यूजला:
अंधार.
कॉइलला: अंधार. स्विचला: अंधार.
एकेकाला तपासत गेलो, एकेकाला मृत घोषित करत गेलो
आणि सही ठोकत गेलो.

पहिल्या दिवशी कॉइल बदलली.
दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर. चोर सोडून संन्याशाला फाशी,
पण संन्याशीही तसे स्वस्त नव्हते.
तिसऱ्या दिवशी वायरींवरची कापडी पट्टी सोलली
डॅशबोर्डखाली उताणा पडून,
पाय बाहेर, पावसात.
चहा पायांपाशी ठेवून ग्वेनलियन निघून गेली.

आणि तिथे, पट्टीच्या आत, इद्वलची गाठ दिसली.
माझा थोरला भाऊ. चौऱ्याहत्तर साली त्यानंच केलं होतं हे वायरिंग.
आईच्या कपाटावरून आमचं बोलणं बंद,
आठ वर्षं.
मी रेक्समला फोन लावला आणि आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य
हे म्हणालो:
ही कसली गाठ मारलीस, गाढवा?

तो गप्प. मग म्हणाला,
तुझ्या टेस्ट लॅम्पचा बल्ब पाहिलास?

मी फोन आपटला.
सव्वीस वर्षं! मला! बल्ब!

रात्री, ग्वेनलियन झोपल्यावर,
चोरासारखा शेडमध्ये गेलो.
लॅम्प थेट बॅटरीला लावला, या टोकापासून त्या टोकाला.
अंधार.
बल्ब गेलेला होता.
कधी गेला, देव जाणे.
तीन दिवस एक मेलेला माणूस
जिवंतांची नाडी पाहत होता.

सायकलच्या दिव्यातला बल्ब काढून बसवला.
बॅटरीला: लख्ख.
मग चिमटा गाडीच्या अंगाला:
पुन्हा अंधार.

तेव्हा कुठे हात त्या जाड पट्टीकडे गेला
जी बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाशी जोडते.
या जुन्या गाड्यांचं असंच असतं, अधिक जमिनीला.
बोल्ट घट्ट. माझ्याच हातचा.
घट्ट आवळलेला
दोन हात हिरव्या रंगावर.

अर्थिंगच नव्हतं,
अर्थ कुठून लागणार?

सॅंडपेपरनं रुपयाएवढी जागा खरवडली,
पत्रा चांदीसारखा उघडा पडला.
इतकीच. इतकीशीच जागा
मी नको तितक्या मायेनं झाकून टाकली होती.

सकाळी फोन लावला. काही बोललो नाही.
रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, वायर ताणून,
आणि ग्वेनलियनला खूण केली.
तिनं हॉर्न दाबला, हवा होता त्याहून बराच वेळ.
समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

रिसीव्हर कानाला लावला.
पलीकडे इद्वलचा श्वास. मग:
रंगावर आवळलास?

तुला कसं कळलं, म्हणालो.

चौऱ्याहत्तरात मीही, तो म्हणाला.
मला चार दिवस लागले होते.
आईला तेवढं माहीत होतं.